दोन गोळ्यांचं अक्षर

५ जानेवारी

पोरी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, छापील फॉर्म. वर ‘माननीय महोदया’, खाली तुझी सही आणि मध्ये रिकामी चौकट: ‘आपल्या नातेवाइकाच्या सेवेतील संस्मरणीय प्रसंग, तीनशे शब्दांत.’ चार वर्षांत आजी आहे की गेली हे विचारलं नाहीस, आणि आता एकदम महोदया! महोदयेचे गुडघे सुजलेत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बाकी ठीक आहे.

चौकटीखाली पेनानं ओळी खरडल्यास त्या वाचल्या. छत्रीवाल्या पलटणीत आपल्या लोकांतले चौदा जण होऊन गेले. विमानातून उड्या मारणारे, दोनशेतून नऊ निवडतात त्यातले. त्यांच्यावर पलटण आता पुस्तक काढतेय. मे महिन्यात समारंभ आहे आणि गोळा करायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. तेरा पानं भरली, आजोबाचं कोरं आहे.

कोरंच राहू दे.

तुला वाटेल, म्हातारी अजून तेच धरून बसलीय. बसलीय. सहा वर्षांपूर्वी तू त्याच पलटणीत जायला निघालीस, तेव्हा मी दारात म्हणाले होते, “जा, आजोबासारखी तू पण माणसं खा.” मग तो मेला तेव्हा तू वर्दी घालून आलीस, काखेत पलटणीचा झेंडा. मी झेंडा त्याच्यावर घालू दिला नाही. चार लोकांसमोर तुला म्हणाले, अंगावरचं ते काढ आणि मग आत ये. तू काढलं नाहीस, आत आली नाहीस, पायरीवरून परत गेलीस. जिद्द माझीच आहे, दुसऱ्या कुणाची येणार?

लोकांच्या बायका नवऱ्याला ‘ते’ म्हणतात. मी ‘तो’ म्हणते. मान द्यायची वेळ होती तेव्हा त्यानं माझा भाऊ घालवला.

पान भरायचंच असेल तर तेही त्या भावाच्याच गोष्टीनं भर. तुझ्या आईचा मामा, आपला बारक्या. त्याचं नाव पलटणीच्या भिंतीवर आहे, पदक माझ्या भिंतीवर आहे. त्याच्यावर तीनशे काय, तीन हजार शब्द देईन.

आजी


२ फेब्रुवारी

पोरी,

या वेळी हातानं लिहिलंस. अक्षर तिरकंच आहे, पण तुझं आहे. म्हणतेस, “आजी, एकदा तरी नीट सांग. आईला विचारलं की ती नर्सच्या ड्यूटीला पळते, आजोबा तर कुणाशी बोलायचेच नाहीत.” सांगते. मग पुन्हा विचारू नकोस.

आपले लोक डोंगरापलीकडून आले. आपल्या बोलीत ळ नाही. देवानं आपल्याला जीभ दिली ती सरळ दिली, वळत नाही. मी लिहिताना ळ घालते तो प्रौढांच्या वर्गातला. त्रेचाळीसाव्या वर्षी शिकले. दोन गोळे आडवे काढायचे आणि वर रेघ मारायची, झालं. लिहिता येतो, बोलता येत नाही. मी बोलते तसं लिहिलं असतं तर तूही हसली असतीस.

ळच्या जागी ल म्हणतो म्हणून गावातले आपल्याला ‘लवाले’ म्हणायचे. मी वर्दीच्या शिवणखान्यात काज-बटणाला होते. दोरा आणायला गेले आणि “काला दोरा” म्हटलं की दुकानदार म्हणायचा, “काला संपला बाई, काळा आहे, देऊ?” रोज तोच विनोद. एकतीस वर्षं मी त्याच्याकडून दोरा घेतला, त्याला दुसरा विनोद सुचला नाही.

बारक्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो आणि तुझा आजोबा एकाच दिवशी निवडीला गेले, पाठीवर वाळूची पोती घेऊन पळाले आणि दोघंही निवडले गेले. पलटणीत संध्याकाळी करमणूक काय, तर लवाल्यांना बोलायला लावायचं. “म्हणा, काळ्या बाळाची पिवळी माळ!” बारक्या खाटेवर उभा राहायचा, छाती पुढे काढायचा आणि म्हणायचा, “काल्या बालाची पिवली माल!” आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. हसून हसून खाटा मोडायच्या. मेजरसाहेबाला ते इतकं आवडायचं की पाहुणे आले की तो बारक्याला बोलावून घ्यायचा. तुझा आजोबा तेवढ्यात उठून बाहेर जायचा. बारक्या सुट्टीवर आला की मला सांगायचा, “दाजी म्हणजे अगदी सुतकी तोंड. अगं ताई, जगाला हसवावं, जग समजून घेतं.”

घेतलं समजून.

आता ऐक. सहा जणांची तुकडी आधी उतरवली होती. आजोबा, बारक्या आणि आणखी चौघं. मोठा माळ होता, मोकळा. आदल्या दिवशी त्यावर सामानाच्या पेट्या टाकल्या होत्या. यांनी माळ बघायचा आणि बिनतारी सेटवरून कळवायचं, मग मागून बाकीचे उड्या मारणार. सेट आजोबाच्या पाठीवर. आपल्या लोकांत सेट मिळालेला तो पहिलाच. माळावर शत्रू दबून बसला होता. खुणेचे शब्द ठरलेले होते, पण जीव घाबरला की माणसाच्या तोंडात घरचा शब्द येतो. कळवायचं होतं, ‘माळावर माणसं आहेत.’ सेटवर गेलं, “मालावर माणसं आहेत.”

वर मेजरनं काय ऐकलं? मालावर माणसं आहेत, म्हणजे आपली माणसं पेट्यांपाशी पोचली. सगळं ठीक आहे. टाका उड्या.

बावीस जणांनी उड्या टाकल्या, सात परत आले. माझा भाऊ माळावरच गेला. तेवीस वर्षांचा होता.

आजोबा परत आला, पायात गोळी घेऊन. त्यानंच सांगितलं की सेटवर मी होतो. त्याच्या छातीवरची छत्रीची खूण काढून घेतली आणि घरी पाठवला. मी काही त्याला सोडून गेले नाही, तुझी आई पोटात होती. पण त्यानं तोंड उघडलं की मी म्हणायचे, “बोलू नको. पुन्हा कुणीतरी मरेल.”

आता भर चौकट.

आजी


२३ फेब्रुवारी

पोरी,

जाडजूड पाकीट आलं. पोस्टमन म्हणाला, “आजी, कोर्टाची नोटीस की काय?” म्हटलं, नातीची आहे, तेच ते.

माळावरच्या त्या दिवसाच्या चौकशीचे कागद वाचले. भिंगानं दोन दिवस लागले. तू लिहितेस की पान चार आणि पान सहा जुळत नाहीत. पान चारवर लिहिलंय, आजोबा ओढ्यापलीकडे सापडला, सेटपासून तीनशे पावलांवर. सेट बारक्याच्या अंगाखाली सापडला. पान सहावर आजोबाचा जबाब: ‘सेटवर मी होतो, मेहुणा ओढ्यापलीकडे टेहळणीला गेला होता.’ “आजी, हे दोन्ही खरं कसं असेल?” विचारतेस.

असतं. गोळ्या सुटल्या की माणूस कुठूनही कुठेही जातो. आजोबा सेट टाकून पळाला. बारक्या सेट वाचवायला मागे आला आणि त्याच्यावर पडून मेला. म्हणून तर पदक मिळालं. पदकाच्या कागदावर तसंच लिहिलंय, ‘स्वतःच्या देहानं सेटचं रक्षण केलं.’ माझी आई ते पदक उशाशी घेऊन गेली. त्यात खोड काढायला तू कोण?

आणि पान सात वाचलंस ना? साहेबानं त्याला समोर उभं करून विचारलं, म्हण, माळ. टंकलेखकानं सरळ टंकलंय, ‘जबाब देणाऱ्यानं माल असा उच्चार केला.’ आणखी काय पाहिजे? त्याच पानाच्या शेवटी बारीक अक्षरात आहे, ‘यापुढे या लोकांपैकी कोणासही सेटवर बसवू नये.’ चाळीसहून जास्त वर्षं बसवलं नाही. तुझ्या आजोबाच्या जिभेचा दंड आपल्या सगळ्या पोरांनी भरला. त्यानंतर सेटवर बसलेली पहिली तूच, हेही तूच लिहितेस, वर शहाणी होऊन त्याचीच वकिली करतेस.

तुला काय कळणार? तुझा ळ स्वच्छ आहे. शाळेतल्या बाईंनी लहानपणीच तुझी जीभ वळवली, बरं झालं. तोच एक ळ आजोबाच्या तोंडात असता तर पंधरा घरांत पोरं परत आली असती. आमच्या घरातपण.

कागद परत पाठवतेय. जपून ठेव, सरकारी आहेत.

आजी


११ मार्च

तुझं पत्र काल आलं.

एकच विचारते. कोणते कोणते शब्द? आठवतील तेवढे लिही. उलट टपाली पाठव. बाकी काही लिहू नकोस.

आजी


४ एप्रिल

पोरी,

यादी मिळाली. एक्केचाळीस शब्द आहेत. मोजले.

तुझं मागचं पत्र परत परत वाचलं. आता त्यातलं मीच तुला लिहून दाखवते, म्हणजे मी चुकीचं वाचलं नाही ना ते कळेल. तू लिहिलंस, “आजी, मला ळ शाळेनं नाही शिकवला, आजोबांनी शिकवला. शाळा सुटली की मी त्यांच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसायचे ना, तिथे. लिफ्टमध्ये दुसरं कुणी नसलं आणि दार लागलं की ते म्हणायचे, ‘बाळ, बोल. निळा, काळा, पिवळा.’ दार उघडलं की गप्प. तो आमचा खेळ होता. बाहेर बोलायचं नाही, बोललं की खेळ मोडतो.”

पाच वर्षांची पोर तू. खेळ मोडला नाहीस. घरी येऊन एका शब्दानं बोलली नाहीस. इतकी घट्ट पोर मी वाढवली आणि मलाच पत्ता नाही.

मी त्या इमारतीत गेले होते. आता लिफ्टवाला ठेवत नाहीत, बटणं दाबायची. पंधरा मजले आहेत. पूर्वी मी कुचकेपणानं म्हणायचे, बरं झालं सोळावा नाही, नाहीतर हा ‘सोला’ म्हणाला असता आणि लोक हसले असते. आत शिरले आणि उभी राहिले. दार लागलं. एक बाई म्हणाली, “कितवा मजला, आजी?” म्हटलं, तोच बघतेय. ती उतरून गेल्यावर दार लागलं आणि मी तुझी यादी काढली. निळा. काळा. पिवळा. सकाळ. पाऊल वळव. डोळे मीट. माझ्या तोंडून एकही शब्द नीट निघाला नाही. चार वेळा वर गेले, चार वेळा खाली आले. मग पहारेकऱ्यानं विचारलं, “आजी, काही त्रास होतोय का?” म्हटलं, होतोय, पण तो तुझ्या खात्यातला नाही.

मग घरी आल्यावर एकेक गोष्ट आठवायला लागली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ते माझ्या आरशासमोर बसायचे. जिभेखाली काडी धरून काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा हसले, “काय, दात मोजताय?” तेव्हापासून माझ्यासमोर बसले नाहीत. पण काडेपेटी लवकर संपायची. बारक्यानं असलं काही केलं नाही. तो म्हणायचा, “जीभ देवानं सरल दिली, मी कशाला वाकवू?”

लवाल्याला सेट मिळाला कसा? सेटवर बसवण्याआधी बोलायची परीक्षा घेतात, हे तूच मला आता लिहिलंस. म्हणजे ते पास झाले होते. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. रागाला प्रश्न पडत नाहीत.

पान चार खरं आहे. ते ओढ्यापलीकडे बघायला गेले होते. सेट बारक्याकडे देऊन गेले. तिथे त्यांना माणसं दिसली, त्यांनी हातानं खूण केली, आणि बारक्या सेटवर बोलला. बारक्या जसं बोलतो तसं बोलला. सेटवर सगळ्यांचे आवाज सारखेच येतात म्हणे, डब्यातून आल्यासारखे, कोण बोललं ते कुणाला कळलं नाही. बारक्या तिथेच मेला, सेटवर पडून. मेलेल्या माणसाला काही सांगता येत नाही. आणि यांनी सांगितलं, मी होतो.

मग साहेब म्हणाला, म्हण, माळ. आणि ज्या माणसानं काड्या चघळून ते अक्षर कमावलं होतं, तो माणूस म्हणाला, माल.

त्यांनी ते अक्षर तिथे गिळलं. गिळणे या शब्दातसुद्धा तेच अक्षर आहे, बघ. आणि मग पकडले जाऊ नये म्हणून जन्मभर गिळतच राहिले. घरात, दुकानात, माझ्यासमोर. मी ‘बोलू नको’ म्हणायचे आणि ते बोलत नसत. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून गप्प आहेत. मनात म्हणायचे, वाटू दे.

का केलं असेल, ते मी ताडलंय. माझी आई म्हातारी, एकुलता पोर गेलेला. वर त्याच्याच बोलण्यानं बाकीचे गेले असं कळलं असतं तर ती त्याच दिवशी गेली असती. आणि मी. मी कोणावर रागवायचं? नवऱ्यावर रागावता येतं, तो समोर असतो, सकाळ-संध्याकाळ. मेलेल्या भावावर रागावून माणूस कुठे जाईल? त्यांनी माझ्या रागाला जागा करून दिली. मी त्या जागेत चव्वेचाळीस वर्षं राहिले.

आणि सेट हातातून देऊन पुढे गेलो, हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नसेल. हे मला माहीत नाही, पण चव्वेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर जेवले, एवढं सांगू शकते.

आता जे तुला सांगायचं नव्हतं ते सांगते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी खुर्चीवर बसले होते, दाराजवळ. त्यांनी ओठ हलवले. मी उठून कान नेला. म्हणाले, “जवल ये.”

जवल. मरतानासुद्धा जवल. खोटं बोलायचं तर असं बोलावं.

मी म्हणाले, “आलेय की.” आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

आजी


१९ एप्रिल

बाळ,

तू विचारतेस, “पानावर काय छापू? खरं लिहिलं तर मामा-आजोबांच्या पदकाचं काय? नाही लिहिलं तर आजोबांचं पान तसंच राहील.” वर म्हणतेस, ठरव तूच. मोठी साहेबीण झालीस, आणि कठीण काम आजीकडे ढकललंस. शिकलीस बरं.

आठ दिवस विचार केला. आधी वाटलं, बारक्याचं नाव घेऊ नये. मेलेल्याला कशाला उकरायचं. मग वाटलं, मग यांचं? ते काय जिवंत आहेत? एकाला झाकायचं तर दुसरा उघडा पडतो, आणि एवढी वर्षं मी यांनाच उघड्यावर ठेवलं.

मग एक दिवस दोरा आणायला गेले. दुकानावर आता त्याचा मुलगा बसतो. मी म्हटलं, “काला दोरा दे.” त्यानं न हसता काळा दोरा काढून दिला. म्हटलं, तुला बरं कळलं? तो म्हणाला, “आजी, तुम्ही माझ्या लहानपणापासून येताय. कालाच म्हणता, त्यात न कळण्यासारखं काय?”

तिथेच मला उत्तर मिळालं.

त्या मेजरनं दोन वर्षं रोज संध्याकाळी ‘पिवली माल’ ऐकलं होतं. पाहुण्यांना ऐकवलं होतं. आपल्या लोकांच्या तोंडी माळाचा माल होतो हे त्याच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. खाली दोन लवाले आहेत हेही माहीत होतं. आणि ज्या दिवशी खरंच ऐकायचं होतं, त्या दिवशी त्यानं ऐकलं ‘माल’. हसायला सगळ्यांना आपली बोली येत होती. ऐकायला कुणालाच आली नाही.

चौकशीत हे कुणी विचारलं का? पान एक ते अकरा, कुठेही नाही. जीभ तपासली, कान कुणी तपासले नाहीत.

तेव्हा चौकटीत हे घाल. तीनशे शब्द होत नाहीत, उरलेल्या जागेत दोघांचा फोटो लाव, खाटेवर बसून काढलेला आहे तो, बारक्या हसतोय आणि हे बाहेर बघतायत.

‘सेटवर मेहुणा होता. त्यानं खबर दिली ती खरी होती आणि आपल्या बोलीत होती. गोळी लागल्यावरही त्यानं सेट सोडला नाही. त्या दिवशी सेट ज्याचा होता त्यानं दोष स्वतःवर घेतला, आणि तो खरा वाटावा म्हणून येत असलेलं एक अक्षर जन्मभर बोलला नाही. ते अक्षर त्यानं नातीला दिलं. ती आज त्याच पलटणीत सेटवर आहे.’

एक शब्द कमी करू नकोस. तुझा वरचा साहेब विचारेल, खबर खरी होती तर मग चुकलं कोण? त्याला म्हणावं, ते आजी स्वतः येऊन सांगणार आहे.

हो, येतेय. मेमध्ये. गुडघे सुजलेले आहेत, तरी येतेय. पदक भिंतीवरून काढलंय, मागे रंगाचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिलाय. पिशवीत घालून आणते. पलटणीनं परत मागितलं तर देईन, न मागितलं तर दोघांच्या फोटोमध्ये ठेवायला सांगीन. आणि तो झेंडा, जो मी घालू दिला नाही, तो अजून तुझ्याकडे असेल तर आण. त्यांच्यावर घालायची वेळ गेली. माझ्या मांडीवर ठेव, समारंभ संपेपर्यंत.

तुझ्या साहेबांना सांग, म्हातारीला माईक पाहिजे. भाषण नाही करायचं. मी फक्त उभी राहीन आणि माझ्या तोंडानं, मला येतं तसं म्हणेन, “मालावर माणसं आहेत.” आणि गप्प उभी राहीन. बघू, सभागृहात किती जणांना कळतं. हसणारे हसू देत. त्यांचे चेहरे तू बघून ठेव, पुढे कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही ते कळेल.

मला न्यायला वर्दीत ये. पायरीवर थांबू नकोस.

आरशासमोर काडी घेऊन बसते मी हल्ली, दुपारी. त्र्याहत्तराव्या वर्षी जीभ वळत नाही, काडी मात्र मोडते. एकच शब्द हवा होता मला, पत्राच्या पहिल्या ओळीवर लिहिलाय तो. तू समोर येशील तेव्हा म्हणावा म्हणून. जमेलसं दिसत नाही. माझ्या तोंडून तो चुकीचाच निघेल, तू तो त्यांनी म्हटल्यासारखा ऐकून घे.

आजी